भेट मिळालेला तयार कॉम्प्युटर : ठेवायचा की परत करायचा?

बारावीचा निकाल लागतो, इंजिनिअरिंगला किंवा ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश पक्का होतो आणि त्याच आठवड्यात मामा भला मोठा खोका घेऊन दारात हजर होतात. आत तयार जोडलेला कॉम्प्युटर. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. सगळं घर खूश. संध्याकाळी कॉम्प्युटरमधलं कळणारा एखादा मित्र येतो, कॅबिनेटच्या काचेतून आत डोकावतो आणि म्हणतो, “परत करून टाक.” त्याच्या स्वतःच्या घरी मात्र साधा आय३ आहे आणि तो या आय७पेक्षा वेगात चालतो!

तीन हा आकडा सातच्या पुढे कसा जातो? आणि मित्राच्या एका वाक्यावर मामांची भेट परत करायची का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळवायला तज्ज्ञ असावं लागत नाही. खोक्यावरचे चार दावे नीट वाचता आले आणि खोक्यावर न लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी तपासता आल्या, की निर्णय घरच्या घरी घेता येतो. खरी मेख आहे ती न लिहिलेल्या गोष्टींत.

आय७ म्हणजे नेमकं काय?

इंटेल कंपनीच्या आय३, आय५, आय७ या नावांवरून एकाच वर्षी आलेल्या प्रोसेसरांमधला धाकटा-थोरला कळतो. प्रोसेसर कोणत्या वर्षीचा आहे, हे त्यापुढच्या आकड्यावरून कळतं. डेस्कटॉपच्या बाबतीत युक्ती सोपी आहे. आकड्याचे शेवटचे तीन अंक झाकायचे, उरेल ती पिढी. आय७-३७७०मध्ये उरतो ३. ही तिसरी पिढी, २०१२ सालची. आय३-१२१००मध्ये उरतात १२. ही बारावी पिढी असून हा प्रोसेसर २०२२च्या सुरुवातीला आला.

या दोघांतही चार कोअर आहेत, म्हणजे काम करणारी चार एककं. दोघांचा वेगही कागदावर फारसा वेगळा नाही. तीन-चार गिगाहर्ट्झच्या आसपास. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचं माप. पण एका ठोक्यात किती काम उरकतं, हे त्या आकड्यात दिसत नाही. दहा वर्षांत रचना सुधारत गेली आणि दर ठोक्याचं काम वाढत गेलं. म्हणून वेग मोजण्याच्या चाचण्यांमध्ये हा आय३ त्या आय७च्या जवळपास दुप्पट गुण मिळवतो. मित्राच्या आय३चं कोडं इथे सुटतं.

खोक्यावर नुसतं ‘आय७’ लिहून पुढचा आकडा गाळला असेल, तर तिथेच सावध व्हावं. जुन्या ऑफिसांतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून विकले जातात. त्यांच्यासोबत बहुधा ‘एच६१’ चिपसेटचा मदरबोर्ड असतो. बोर्ड नवा बनवलेला असला, तरी चिपसेटची रचना २०११ची असते. त्यात रॅमसाठी दोनच खाचा असतात आणि १६ जीबीच्या पुढे रॅम चढत नाही.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १०साठी मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोयही लागते. तिसऱ्या पिढीचा आय७ या यादीत बसत नाही. म्हणजे आज भेट म्हणून आलेला कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासूनच मुदत संपलेला ठरतो.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचंही तसंच पाहावं. रायझन ५ ५६०० यात ‘रायझन ५’ हा दर्जा आणि पुढचा ५६०० हा आकडा मालिका सांगतो. इंटेलचं ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव डेस्कटॉपवर २०२४च्या अखेरीस आलं, त्यामुळे ते असेल तर जुनेपणाची शंका उरत नाही.

ओटा आणि कोठी

रॅम आणि एसएसडी यांत अनेकांचा गोंधळ होतो, कारण दोन्ही जीबीतच मोजतात. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. एसएसडी म्हणजे वर्षभराचं धान्य ठेवायची कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. वीज गेली तरी कोठीतलं धान्य तसंच राहतं. ओट्यावर तेवढ्यापुरतं लागणारं काढून ठेवायचं आणि काम झालं की ओटा रिकामा करायचा. ओटा अपुरा असेल, तर स्वयंपाक करणारी बाई कितीही चपळ असली तरी तिला दर दोन मिनिटांनी कोठीत जावं लागतं. कॉम्प्युटर ‘हँग होतो’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

अभ्यास, ऑफिसचं काम, ब्राउझर आणि प्रोग्रामिंग यांना आज १६ जीबी रॅम बरी पुरते. पण ती कशी बसवली आहे, तेही पाहायला हवं. आधुनिक मदरबोर्ड दोन पट्ट्यांशी एकाच वेळी बोलू शकतो. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावणं चांगलं. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल, तर हा फरक खेळांमध्ये आणि चित्रफितींच्या कामात चटकन जाणवतो. रॅमची पिढीही पाहावी. डीडीआर३ म्हणजे कॉम्प्युटर जुना, डीडीआर४ चालण्याजोगा आणि डीडीआर५ सध्याचा.

एसएसडीमध्ये दोन प्रकार भेटतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई, पीसीआयई तिसऱ्या पिढीची असली तरी, ३,५०० एमबीपर्यंत जाते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क शे-दोनशे एमबीवर थकते. रोजच्या वापरात हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाणं हाच मोठा बदल असतो. त्यापुढचा फरक मोठ्या फायली हाताळणाऱ्यांनाच कळतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’चा चकवा

ग्राफिक्स कार्डाच्या नावाआधी जीबी लिहिलेलं दिसलं, की ते कार्ड त्या आकड्यावर विकायचं आहे असं समजावं. ही जीबी म्हणजे कार्डावरची स्वतःची स्मृती. ती किती मोठी आहे याइतकंच ती किती वेगाने वाचता येते, हे महत्त्वाचं.

स्वस्त तयार कॉम्प्युटरमध्ये सर्रास दिसणारं जीटी ७३० हे कार्ड २०१४चं आहे. त्याच्या डीडीआर३ स्मृतीच्या, ६४ बिटांच्या आवृत्तीत सेकंदाला १४.४ जीबी माहिती ये-जा करते. २०२२मध्ये आलेल्या ८ जीबीच्या आरटीएक्स ३०५०मध्ये हाच आकडा २२४ जीबी आहे. म्हणजे स्मृती दुप्पट आणि वेग पंधरापट. जीटी ७३०वर ४ जीबी स्मृती बसवली तरी ती भरून वापरण्याची ताकदच त्या चिपमध्ये नसते. शिवाय या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने केव्हाच थांबवलं आहे.

मुलीला ब्लेंडरसारखं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकायचं असेल, चित्रफिती संपादित करायच्या असतील किंवा खेळ खेळायचे असतील, तर कार्डाचं पूर्ण नाव शोधा. कोडिंग, अकाउंट्स आणि ऑनलाइन वर्ग एवढंच काम असेल, तर प्रोसेसरमधली ग्राफिक्स पुरेशी असते. तिथे कार्ड नसणं ही उणीव मानू नये.

खोक्यावर न लिहिलेला भाग : एसएमपीएस

भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. जाहिरातीत तो क्वचितच असतो, कारण काटकसर करायला हीच सर्वांत सोयीची जागा. पण हाच डबा बिघडला तर जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो.

त्याच्या अंगावरचं लेबल वाचणं अवघड नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहायचे आणि त्यांना १२ने गुणायचं. समजा लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट आहे आणि १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. गुणाकार येतो १९२. खऱ्या उपयोगाची ताकद एवढीच. आय५-१२४०० हा प्रोसेसर भर कामात ११७ वॅटपर्यंत जातो आणि ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० कार्ड १३० वॅट घेतं. बेरीज २४७. असा कॉम्प्युटर टायपिंग करताना सुरळीत चालेल आणि खेळ सुरू करताच बंद पडेल.

‘८० प्लस’ची खूण असेल तर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के आत पोचते असं समजावं. ही खूण कार्यक्षमतेची आहे, तरी निदान अगदीच निकृष्ट माल वगळायला ती उपयोगी पडते.

ज्या गावांत वीज ये-जा करते तिथे यूपीएसचाही विचार करावा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. साध्या कॉम्प्युटरला तो पुरतो, मोठं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला अपुरा पडू शकतो.

काय बदलता येतं, काय येत नाही?

निर्णयाची खरी किल्ली इथे आहे. प्रत्येक उणिवेला एकच प्रश्न विचारा : ही नंतर थोड्या पैशांत भरून काढता येईल का?

रॅमची पट्टी वाढवणं आणि एसएसडी बसवणं ही अर्ध्या तासाची कामं. पंखा वाढवता येतो. एसएमपीएस नेहमीच्या मापाचा असेल, तर तोही बदलता येतो. या उणिवांपायी भेट परत करण्याची गरज नाही.

मदरबोर्डचं तसं नाही. प्रोसेसर कोणता बसेल, रॅम कोणत्या पिढीची आणि किती लागेल, हे सगळं तोच ठरवतो. मदरबोर्ड जुना निघाला की प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते, म्हणजे कॉम्प्युटर जवळजवळ नवाच घ्यावा लागतो. कॉम्प्युटरसोबत आलेली विंडोजची परवानगीही बहुधा त्याच बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की ती जाते.

काही मोठ्या ब्रँडच्या डेस्कटॉपमध्ये वेगळी अडचण असते. भाग उत्तम, पण एसएमपीएसची पिन, बोर्डाचं माप आणि कॅबिनेटची रचना त्या कंपनीपुरतीच. बाजारातला सुटा भाग त्यात बसत नाही. पाच वर्षं आहे तसाच वापरायचा असेल तर हरकत नाही. पुढे ग्राफिक्स कार्ड वाढवायचा बेत असेल, तर मुदत आहे तोवरच परत करावा.

पहिल्या संध्याकाळची तपासणी

खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढावा. काही तुटलेलं निघालं तर तोच पुरावा. वीज जोडण्याआधी कॅबिनेटची बाजूची काच काढून आत बघावं. वाहतुकीत कार्ड हलू नये म्हणून आत कोंबलेला फोम काही वेळा तसाच राहतो. तो काढल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करू नये. काचेवर किंवा स्क्रूवर वॉरंटीचं सील असेल, तर आधी विक्रेत्याला विचारावं.

सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमचा वेग, किती खाचा भरल्या आहेत, डिस्क कोणती आणि कार्ड कोणतं, हे सगळं दिसतं. ते बिलावरच्या नोंदींशी ताडून पाहावं.

क्रिस्टल-डिस्क-इन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्क आजवर किती तास चालली ते सांगतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये हा आकडा हजारांत असेल, तर डिस्क आधी कुणीतरी वापरलेली आहे. जीपीयू-झेड हा दुसरा मोफत प्रोग्राम ग्राफिक्स कार्डाची ओळख तपासतो. नाव बदलून विकलेली अनेक बनावट कार्डं त्यात उघडी पडतात. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ पाहिलं की विंडोज सक्रिय आहे का ते कळतं.

शेवटी अर्धा तास कॉम्प्युटरला जड काम द्यावं; एखादा मोठा खेळ किंवा चित्रफितीचं रूपांतर चालेल. कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो का, जळका वास येतो का, प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांना टेकतं का, हे पाहावं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीच्या घरात असते. तिथे हवा खेळती नसलेलं कॅबिनेट लवकर हार मानतं.

दोष वाटतात, पण नसतात

तीन गोष्टींमुळे चांगला कॉम्प्युटर उगाच परत जातो. एक, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या जागेत खोचलेली असते, त्यामुळे कार्ड रिकामं बसून राहतं. केबल खालच्या आडव्या पट्टीतल्या, म्हणजे कार्डाच्या जागेत लावली की खेळ एकदम सुधारतो. दोन, ३,२०० वेगाची रॅम टास्क मॅनेजरमध्ये २,४०० किंवा २,६६६ दाखवते. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ ही सोय सुरू केली की ती जाहीर केलेल्या वेगाने धावते. तीन, १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६०वरच राहिलेला असतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तो बदलता येतो.

पैशांचा हिशेब

मित्राचं नेहमीचं म्हणणं असतं, “याच पैशांत याच्याहून चांगला असेंबल झाला असता.” हे बऱ्याचदा खरं असतं. तपासायचं असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा आपल्या शहरातल्या दुकानातून सुट्या भागांचं कोटेशन घ्यावं. मात्र त्यात विंडोज, जोडणीची मजुरी आणि जीएसटी धरलेला असावा. सुट्या भागांना बहुधा वॉरंटी जास्त मिळते, पण बिघाड कोणत्या भागात आहे हे आपणच शोधायचं आणि प्रत्येक भागासाठी वेगळ्या सेवा केंद्रात जायचं. ब्रँडेड कॉम्प्युटरला एकच फोन पुरतो. घरात हे काम करणारं कुणी नसेल, तर या सोयीलाही किंमत आहे.

बाजारभावही पाहावा. २०२१च्या टंचाईत सुटी ग्राफिक्स कार्डं छापील किमतीच्या कितीतरी पुढे विकली जात होती. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी स्मृतीच्या चिप्सची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. अशा काळात मोठ्या कंपनीने आधीच्या भावात घेतलेल्या भागांचा कॉम्प्युटर सुट्या खरेदीपेक्षा स्वस्त पडू शकतो. परत करून पैसे मिळतील, पण तेवढ्या पैशांत तेवढाच कॉम्प्युटर मिळेलच असं नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

‘आवडला नाही’ या कारणासाठी वस्तू परत घेण्याचं बंधन विक्रेत्यावर नसतं. तिथे त्याने जाहीर केलेलं धोरण चालतं. कॉम्प्युटरसाठी ही मुदत अनेक ठिकाणी जेमतेम आठवड्याची असते, आणि पैसे परत न देता फक्त वस्तू बदलून दिली जाते.

सदोष वस्तूची गोष्ट वेगळी. २० जुलै २०२०पासून लागू होऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं आणि बिल न देणं हेही त्यातच मोडतं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ या तरतुदीच्या वर नाही.

भेट घेणाऱ्यासाठी त्यात एक महत्त्वाची सोय आहे. वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही या कायद्यानुसार ग्राहक असते. म्हणजे पैसे मामांनी दिले असले, तरी तक्रार भाची करू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

देणाऱ्याशी बोलताना

बिल मामांच्या नावावर, ऑर्डर त्यांच्या मोबाइलवर आणि परताव्याचे पैसेही त्यांच्याच खात्यात. त्यांना न सांगता परत करणं बहुधा शक्यच नसतं, आणि करूही नये. सुरुवात बिलापासून करावी : “मामा, वॉरंटी नोंदवायची आहे, तेवढं बिल पाठवता का?” यात खोटं काही नाही आणि मुदतही कळते. कॉम्प्युटर खरंच फसवणुकीचा निघाला, तर तेही स्पष्ट सांगावं : “मामा, दुकानदाराने तुम्हाला बारा वर्षांहून जुना प्रोसेसर नवा म्हणून दिलाय. आपण दोघं जाऊन बदलून घेऊ.” चूक विकणाऱ्याची असते, प्रेमाने आणणाऱ्याची नव्हे, हे बोलण्यातून कळलं की मन दुखावत नाही.

चौकट : थोडक्यात

*परत करा :*
• इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा, किंवा रॅम डीडीआर३
• नवा म्हणून दिलेला भाग वापरलेला किंवा बनावट
• बिलावर एक, आत दुसरंच
• कामाच्या ताणाखाली आपोआप बंद पडतो
• पुढे कार्ड वाढवायचं आहे, पण भाग कंपनीपुरत्याच मापाचे

*ठेवा :*
• रॅम किंवा साठवण कमी, पण खाचा रिकाम्या
• एसएमपीएस साधा, पण नेहमीच्या मापाचा आणि बदलता येण्याजोगा
• सुटे भाग थोडे स्वस्त पडले असते, एवढीच तक्रार
• आपलं काम आज नीट होतं आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालतं

सुरुवातीच्या खोक्यातला कॉम्प्युटर या कसोटीवर परत जायला हवा, कारण त्याचा पायाच जुना आहे. पण बहुतेक ब्रँडेड तयार कॉम्प्युटर असे नसतात. त्यांत एखादी काटकसर असते आणि ती पुढे भरून काढता येते. म्हणून मित्राच्या शेऱ्यावर किंवा खोक्यावरच्या अक्षरांवर विसंबू नका. बिल मागून घ्या, पहिल्याच संध्याकाळी तपासणी करा आणि परताव्याची मुदत संपण्याआधी निर्णय घ्या. तोवर खोका आणि आतलं पॅकिंग फेकू नका.